नाण्यापुरती राजभाषा

सायप्रसचे दहा, वीस किंवा पन्नास सेंटचे नाणे हातात घेतले की त्यावर शिडाचे एक जुने जहाज दिसते आणि त्याच्याभोवती देशाचे नाव दोनदा कोरलेले दिसते : ग्रीक लिपीत ‘किप्रोस’ आणि रोमन लिपीत ‘किब्रिस’. ‘किब्रिस’ हे त्या बेटाचे तुर्की नाव. जहाज इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले आहे. त्याचे अवशेष किरेनिया बंदराजवळ समुद्रतळाशी सापडले आणि आज ते किरेनियाच्या किल्ल्यात जतन केलेले आहेत. हा किल्ला १९७४ पासून तुर्कस्तानच्या सैन्याने ताब्यात घेतलेल्या भागात आहे. ज्या सरकारने हे नाणे पाडले त्याची सत्ता त्या जहाजापर्यंत पोचत नाही, आणि ज्या भाषेतला शब्द त्याने नाण्यावर कोरला त्या भाषेत तेच सरकार आपले कायदे छापत नाही. पहिली गोष्ट आक्रमणामुळे झाली आणि ती सुधारणे एकट्या सायप्रस सरकारच्या हातात नाही. दुसरी मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि तिच्याबद्दलच मला इथे लिहायचे आहे.

तुर्की ही सायप्रस प्रजासत्ताकाची राजभाषा व्हावी, अशी मागणी नव्याने करण्याचे कारणच नाही, कारण ती घटनेने राजभाषा आहेच. फेब्रुवारी १९५९ मध्ये झुरिच आणि लंडन येथे झालेल्या करारांतून ही घटना आकाराला आली आणि १६ ऑगस्ट १९६० रोजी, बेट ब्रिटिश अमलातून मोकळे झाले त्या दिवशी, ती लागू झाली. त्या वेळी लोकसंख्येत ग्रीक सायप्रियट सुमारे ७७ टक्के आणि तुर्की सायप्रियट सुमारे १८ टक्के होते. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, प्रतिनिधिगृहाच्या ५० जागांपैकी ३५ ग्रीकांना आणि १५ तुर्कांना, सरकारी नोकऱ्यांत सत्तर-तीसचे प्रमाण, अशी वाटणी तिने केली. या वाटणीवर पुढे जे आक्षेप घेतले गेले त्यांतले काही रास्त होते, कारण माणसाकडे नागरिक म्हणून पाहण्याआधी अमुक जमातीचा म्हणून पाहणारी ती घटना होती. भाषेच्या कलमाला मात्र हा दोष लावता येत नाही.

ते कलम तिसरे. ‘प्रजासत्ताकाच्या राजभाषा ग्रीक आणि तुर्की आहेत’ असे सांगून ते थांबत नाही. कायदे आणि शासकीय लेख दोन्ही भाषांत तयार व्हावेत, राजपत्रातला मजकूर दोन्ही भाषांत एकाच अंकात यावा, तुर्की नागरिकाला जाणारा सरकारी कागद तुर्कीत आणि ग्रीक नागरिकाला जाणारा ग्रीकमध्ये असावा, खटल्यातले दोन्ही पक्ष तुर्की असतील तर कामकाज तुर्कीत चालावे आणि पक्ष वेगवेगळ्या जमातींचे असतील तर दोन्ही भाषांत, नाणी, नोटा आणि टपाल तिकिटे यांवर दोन्ही भाषा असाव्यात, आणि कोणाही माणसाला यांपैकी कोणत्याही भाषेत सरकारकडे दाद मागता यावी, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. ज्या मूलभूत कलमांत दुरुस्ती करताच येत नाही, असे घटना सांगते, त्यांत हे कलम मोडते. घटनेची ग्रीक आणि तुर्की संहिता या दोन्ही मूळ आहेत आणि दोघींचे बळ सारखे आहे, असेही घटनेतच म्हटले आहे. तुर्की संहिता हा ग्रीक संहितेचा अनुवाद नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही व्यवस्था जेमतेम सव्वातीन वर्षे चालली. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी घटनेत बदल सुचवणारे तेरा मुद्दे मांडले, डिसेंबरमध्ये निकोसियात रक्तपात सुरू झाला आणि शहरातून दोन्ही जमातींना वेगळे करणारी ‘हरितरेषा’ आखली गेली. तुर्की मंत्री, प्रतिनिधी आणि कर्मचारी राज्यकारभारातून गेले. ग्रीक बाजू म्हणते ते आपणहून निघून गेले, तुर्की बाजू म्हणते त्यांना हुसकून लावले. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना बेटावर उतरली, ती आजही तिथे आहे. तिचे पहिले दोन्ही सेनापती भारतीय होते, आणि त्यांतले दुसरे, जनरल थिमय्या, डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच कामावर असताना वारले. सायप्रसने १९६६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्या देशाच्या तिकिटांवर देशाचे नाव ग्रीक, तुर्की आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असते हे तिकिटे जमवणाऱ्यांना माहीत असेल. राजपत्रातून तुर्की गेली होती त्या काळातही तिकिटावरची तुर्की टिकून होती, आणि तेव्हापासून ती अशीच टिकून आहे : नाण्यावर, तिकिटावर, पारपत्राच्या वेष्टनावर. जिथे दोन शब्द लिहून भागते तिथे ती आहे. जिथे पानेच्या पाने लिहावी लागतात तिथे ती नाही.

याचे कायदेशीर समर्थन म्हणून जे सांगितले जाते ते म्हणजे ‘आवश्यकतेचे तत्त्व’. १९६४ मध्ये इब्राहिम खटल्यात सायप्रसच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की घटनेने घालून दिलेली द्विजमातीय यंत्रणा चालेनाशी झाली असताना राज्य बंद पडू देता येत नाही, म्हणून घटनेला धरून नसलेली काही पावले उचलणे वैध ठरते. निर्णय धाडसाचा होता आणि त्या परिस्थितीत तो समजण्यासारखाही होता, कारण न्यायाधीश नाहीत म्हणून न्यायालये बंद ठेवणे कोणालाच परवडले नसते. पण त्याच निर्णयात या तत्त्वाच्या मर्यादाही सांगितल्या आहेत : आवश्यकता खरोखरच टाळता न येणारी असली पाहिजे, दुसरा इलाज नसला पाहिजे, उपाय आवश्यकतेच्या प्रमाणात असला पाहिजे आणि परिस्थिती टिकेल तेवढ्याच काळापुरता तो असला पाहिजे. या चार कसोट्या भाषेला लावून पाहाव्यात. उपराष्ट्राध्यक्ष जागेवर नसेल तर त्याची सही मिळू शकत नाही, हे खरेच आहे. तुर्की न्यायाधीश आला नाही तर त्याला ओढून आणता येत नाही, हेही खरे. पण कायद्याचा तुर्की अनुवाद करून छापायला उपराष्ट्राध्यक्ष लागत नाही. त्याला अनुवादक लागतो, छापखाना लागतो आणि इच्छा लागते. यांतले पहिले दोन सायप्रसला कधी मिळाले नसते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

इथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे आणि माझ्या मते या सगळ्या वादात तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. घटनेने इंग्रजीला फक्त पाच वर्षांची मुदत दिली होती. तोवर कायदे आणि न्यायालये इंग्रजीत चालली तर चालतील, पुढे ग्रीक आणि तुर्की. प्रत्यक्षात न्यायालयांत इंग्रजीच जवळजवळ तीन दशके चालली. १९८८ मध्ये राजभाषांचा कायदा झाला आणि मग वसाहतकाळापासूनचे इंग्रजी कायदे राष्ट्रभाषेत आणण्याचे मोठे काम हाती घेऊन पार पाडले गेले. निकाल, वकिलांचे युक्तिवाद, कायद्याची परिभाषा, सगळे बदलले. एका लहान देशासाठी हे काम सोपे नव्हते आणि ते केल्याबद्दल त्या वकिलांचे आणि अनुवादकांचे कौतुकच केले पाहिजे. पण हे सगळे झाले ते ग्रीकमध्ये. अनुवाद अशक्य असतो हा युक्तिवाद त्या दिवसापासून संपला. अख्खा कायदेसंग्रह एका भाषेतून दुसरीत नेता येतो हे राज्याने स्वतःच सिद्ध केले, फक्त दोनपैकी एका राजभाषेपुरते.

मराठी वाचकाला ‘द्वैभाषिक’ हा शब्द कोशातून शिकावा लागत नाही. १९५६ पासून चाललेले मुंबईचे द्वैभाषिक राज्य १ मे १९६० रोजी संपले आणि त्यानंतर साडेतीन महिन्यांनी सायप्रसचे द्वैभाषिक राज्य जन्माला आले. आपल्याकडे मराठी आणि गुजराती यांचे सलग प्रदेश होते, त्यामुळे मुंबई शहराचा वाद मिटल्यावर रेघ ओढता आली. सायप्रसमध्ये रेघ ओढायला जागाच नव्हती. ग्रीक गावे, तुर्की गावे आणि मिश्र गावे बेटभर एकमेकांत मिसळलेली होती. म्हणून तिथल्या घटनेने भाषेचा हक्क प्रदेशाला न देता माणसाला दिला : तुर्की सायप्रियट पाफोसमध्ये राहो की फामागुस्तात, त्याची भाषा त्याच्याबरोबर जाते. १९७४ मध्ये आधी १५ जुलैचा ग्रीसमधल्या लष्करशाहीने मकारिओस यांच्याविरुद्ध घडवलेला उठाव, मग २० जुलैला तुर्की सैन्याचे आक्रमण, बेटाच्या सुमारे एकतृतीयांशाहून अधिक भूभागाचा ताबा, आणि दोन्हीकडच्या लोकांची घरेदारे सोडून झालेली अदलाबदल, यांतून जी रेघ बळाने ओढली गेली तिने लोकांच्या मनातही घर केले. ‘तुर्की ही तिकडची भाषा’ असे दक्षिणेत सहज म्हटले जाते. असे म्हणताना आक्रमकाने ओढलेली रेघ आपणच कायद्यात उतरवून देतो आहोत, हे ध्यानात येत नाही.

आणि ‘तिकडची’, ‘इकडची’ ही भाषा त्या बेटाच्या इतिहासाशी जुळतही नाही. १५७१ ते १८७८ अशी तीनशे वर्षे बेट ऑस्मानी सत्तेखाली होते आणि त्या काळात दोन्ही बोलींनी एकमेकींकडून इतके घेतले, की स्वयंपाकघरात तर त्या वेगळ्या काढणेच अवघड आहे. हिरवी ऑलिव्ह ठेचून त्यांना लसूण, लिंबू आणि भरडलेले धने चोळतात, त्या पदार्थाला ग्रीक घरात ‘त्साकिस्तेस’ म्हणतात आणि तुर्की घरात ‘चाकिस्तेझ’. धन्याला तुर्की सायप्रियट ‘गोल्लांद्रो’ म्हणतात, जो शब्द ग्रीकमधून आलेला आहे आणि इस्तंबूलच्या माणसाला कळणार नाही. लुरुजिना गावच्या मुसलमानांची घरची भाषा ग्रीक होती. ‘लिनोबांबाकी’, म्हणजे तागसुती, असे नाव मिळालेली कुटुंबे बाहेर मुसलमान आणि घरात ख्रिस्ती असत. अशा बेटावर १९५०च्या दशकाच्या अखेरीस तुर्की राष्ट्रवाद्यांनी ‘नागरिका, तुर्की बोल’ अशी मोहीम चालवून ग्रीक शब्द उच्चारणाऱ्या आपल्याच लोकांकडून दंड वसूल केला. दुसरीकडे ग्रीक राष्ट्रवाद्यांना बेट ग्रीसमध्ये विलीन करायचे होते, आणि त्या स्वप्नात तुर्की भाषेला जागाच नव्हती. दोघांचे एकमत एकाच मुद्द्यावर होते : एका माणसाने दोन्ही भाषा वापरू नयेत.

उत्तरेकडच्या राजवटीने या बाबतीत जे केले त्याला तर आडपडदाही ठेवला नाही. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी तिने स्वतंत्र राज्याची घोषणा केली, तिला तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता दिलेली नाही, आणि १९८५ च्या तिच्या घटनेत राजभाषा एकच आहे, तुर्की. गावांची ग्रीक नावे पाट्यांवरून गेली. मोर्फूचे ‘ग्यूझेल्युर्त’ झाले. कार्पास द्वीपकल्पात जे थोडे ग्रीक मागे राहिले त्यांच्या मुलांना प्राथमिक शाळेपलीकडे ग्रीकमधून शिकायची सोय नव्हती. शिकायचे तर आईवडिलांना सोडून दक्षिणेत जायचे, आणि गेलेल्या मुलांच्या कायमचे परत येण्यावर निर्बंध होते. सायप्रसने तुर्कस्तानविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १० मे २००१ रोजी निकाल दिला, की मुलांना प्राथमिक शिक्षण ग्रीकमधून देऊन नंतर ती वाट बंद करणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भंग आहे. कार्पासमधल्या रिझोकार्पासो गावात २००४ मध्ये ग्रीक माध्यमिक वर्ग पुन्हा सुरू झाले ते या निकालानंतर.

हा निकाल सायप्रस सरकारने मिळवला, आणि त्याचा त्या सरकारला अभिमान असावा यात गैर काही नाही. पण जे तत्त्व त्याने कार्पासच्या मुलांसाठी स्ट्रासबूरच्या त्या न्यायालयात मांडले ते लिमासोलमधल्या तुर्की मुलांनाही लागू होते. तिथल्या तुर्की भाषिक कुटुंबांनी या शतकाच्या पहिल्या दशकापासून तुर्की माध्यमाच्या शाळेची मागणी लावून धरली आहे. त्यांच्या मुलांना ग्रीक शाळेत घेऊन तुर्की शिक्षक नेमणे हा सद्भावाचा भाग झाला, आणि तिथले काही शिक्षक मनापासून काम करतात. पण कोणाच्या तरी भलेपणावर अवलंबून असलेली सोय आणि घटनेने दिलेला हक्क यांत जो फरक आहे, तो आपल्याकडे बेळगावातल्या सरकारी कचेरीत मराठी परिपत्रकासाठी ज्याने खेटे घातले आहेत त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

२३ एप्रिल २००३ रोजी दोन्ही भागांमधली ओलांडणीची ठाणी उघडली गेली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा लोक हजारोंनी पलीकडे गेले. पुढे एप्रिल २००८ मध्ये जुन्या निकोसियातला लेद्रा रस्ताही उघडला. तुर्की लोक त्या जागेला ‘लोकमाजी’ म्हणतात, म्हणजे पाकातले गोळे तळून विकणाऱ्याची जागा. या ठाण्यातून पायी दक्षिणेत येणारा तुर्की सायप्रियट जन्माचा दाखला, ओळखपत्र, पारपत्र यांसाठी प्रजासत्ताकाच्या कचेरीत येतो. त्याला हातात मिळणाऱ्या पारपत्रावर ‘किब्रिस जुम्हुरियेती’, म्हणजे सायप्रस प्रजासत्ताक, असे त्याच्या भाषेत छापलेले असते. त्या पारपत्राचा हक्क कोणाला आहे आणि कोणाला नाही हे ठरवणारा कायदा मात्र राजपत्रात त्याच्या भाषेत सापडत नाही. काही अर्ज आता तुर्कीत मिळतात, काही ठिकाणी तुर्की जाणणारा कर्मचारी भेटतो. पण कायदा न वाचताच कायद्यापुढे उभे राहायचे, ही त्याची स्थिती बदललेली नाही.

आवश्यकतेचे तत्त्व अमर्याद काळ ताणता येत नाही, हे सायप्रसने एकदा अनुभवले आहे. दक्षिणेत राहणाऱ्या एका तुर्की सायप्रियटाला मतदार यादीत घ्यायला नकार मिळाला, कारण घटनेनुसार तुर्कांची यादी वेगळी होती आणि ती यादी १९६३ नंतर अस्तित्वातच नव्हती. ‘अझीझ विरुद्ध सायप्रस’ या खटल्यात जून २००४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितले, की इतकी वर्षे ही अडचण माहीत असून कायदेमंडळाने ती सोडवली नाही, याची किंमत नागरिकाने का मोजावी. २००६ मध्ये कायदा झाला आणि दक्षिणेतल्या तुर्की सायप्रियटांना मत मिळाले. तोडगा निघण्याची वाट पाहावी लागली नाही, आकाशही कोसळले नाही.

माझ्या म्हणण्याला विरोध करणारे ग्रीक सायप्रियट दुष्ट आहेत असे मला मुळीच वाटत नाही. ज्याचे घर फामागुस्तात तुर्की सैन्याने घातलेल्या कुंपणापलीकडे पन्नास वर्षे रिकामे आहे, ज्याच्या घरातला माणूस १९७४ मध्ये बेपत्ता झाला आणि ज्याच्या गावाच्या नावाची पाटीही कोणी बदलून टाकली, त्याला ‘आधी तू तुर्कीत राजपत्र छाप’ असे सांगणे सोपे नाही. तो विचारतो, तिकडे ग्रीकला काय मिळाले? प्रश्न खरा आहे, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. ग्रीक नावे पुसली ती अंकाराच्या पाठबळावर चालणाऱ्या राजवटीने. तुर्कीत कायदा मागतो आहे तो याच प्रजासत्ताकाचा नागरिक. शिवाय उत्तरेतली राजवट बेकायदा आहे आणि आपले राज्य संपूर्ण बेटाचे एकमेव कायदेशीर राज्य आहे, हा सायप्रसचा जगापुढचा दावा आहे, आणि सुरक्षा परिषदेच्या ५४१ आणि ५५० क्रमांकाच्या ठरावांनी तो उचलूनही धरला आहे. हा दावा ज्या घटनेवर उभा आहे तिच्यातच तिसरे कलम आहे. बेकायदा राजवट जे करते तेच आपणही करू, असे कायदेशीर राज्याने म्हटले, तर मग दोघांतला फरक त्याने कोणत्या तोंडाने सांगायचा?

दुसरी भीती अशी, की तुर्कीला मान दिला तर तो तुर्कस्तानला दिल्यासारखा होईल. मला याच्या उलट वाटते. ‘प्रजासत्ताक हे ग्रीकांचे राज्य आहे, त्यात तुम्हाला जागा नाही’ हे सांगूनच अंकारा आणि उत्तरेतले विभाजनवादी नेते तुर्की सायप्रियटांना आजवर आपल्या बाजूला ठेवत आले. एका भाषेत छापलेला राजपत्राचा प्रत्येक अंक हा त्यांच्या हातातला पुरावा आहे. तुर्की सायप्रियटांना पुनर्मीलन नको आहे, असेही नाही. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात त्यांच्यातल्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्मीलनाच्या ‘अन्नान योजने’ला होकार दिला होता, तर सुमारे ७६ टक्के ग्रीक सायप्रियटांनी ती नाकारली. त्या योजनेत दोन्ही राजभाषा सर्व माध्यमिक विद्यार्थ्यांना सक्तीने शिकवण्याची तरतूद होती. योजना गेली तिच्या इतर दोषांमुळे. ही तरतूद मात्र कोणत्याही योजनेवाचून अमलात आणता आली असती.

‘वाटाघाटी पूर्ण होऊ द्या, भाषेचे तेव्हा पाहू’ हे उत्तर सर्वांत समंजस वाटते आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त काळ टिकले आहे. १९७७ मध्ये मकारिओस आणि तुर्की सायप्रियटांचे नेते देंकताश यांनी द्विजमातीय संघराज्याचे सूत्र मान्य केले तेव्हापासून वाटाघाटी चालत राहिल्या. जुलै २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रान-मोंताना येथे त्या फसल्या. या काळात दोन पिढ्या अशा वाढल्या ज्यांना शेजाऱ्याची भाषा येत नाही आणि ज्या एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. जी गोष्ट आधीच देणे आहे ती वाटाघाटीच्या मेजावर मांडायची नसते. श्रीलंकेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे : १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि तमिळला घटनेत राजभाषेचे स्थान मिळाले ते १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने, यादवी पेटून चार वर्षे झाल्यावर.

आता युरोपीय संघ. सायप्रस १ मे २००४ रोजी संघाचा सदस्य झाला तो संपूर्ण बेटासह, फक्त उत्तरेत संघाचे कायदे तूर्त स्थगित आहेत. प्रजासत्ताकाचे पारपत्र असलेला तुर्की सायप्रियट संघाचा नागरिक आहे. संघाच्या नागरिकाला करारात नोंदलेल्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत संघाच्या संस्थांना पत्र लिहिण्याचा आणि त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. त्या २४ भाषांत तुर्की नाही. एका सदस्य देशाची घटनादत्त राजभाषा त्या देशाच्या नागरिकाला ब्रुसेल्समध्ये वापरता येत नाही. २०१९ मध्ये नियाझी किझिल्युरेक हे युरोपीय संसदेत निवडून गेलेले पहिले तुर्की सायप्रियट झाले, आणि जी भाषा ते जन्मापासून बोलतात ती त्या सभागृहाच्या भाषांत नव्हती.

ब्रुसेल्सने याबाबत सायप्रसला एकट्याला दोष देऊ नये. सदस्यत्वाआधी २००२ मध्ये सायप्रसने तुर्कीचा विषय काढला तेव्हा, व्यवहारात उपयोग थोडा आणि खर्च मोठा, म्हणून आग्रह धरू नका, असे त्यालाच सांगण्यात आले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष अनास्तासियाडिस यांनी तुर्कीला संघाची अधिकृत भाषा करण्याची रीतसर विनंती पुन्हा केली. ते पाऊल चांगले होते आणि त्यामागे वाटाघाटींना बळ देण्याचा हेतूही होता. विनंती तशीच राहिली. यासाठी सर्व सदस्य देशांचे एकमत लागते हे खरे, पण खर्चाचा मुद्दा मला पटत नाही. माल्टीज भाषा २००४ मध्ये आली तेव्हा माल्टाची लोकसंख्या सुमारे चार लाख होती. अनुवादक कमी होते म्हणून तिला तीन वर्षांची सवलत दिली. आयरिश भाषा १ जानेवारी २००७ पासून अधिकृत झाली, तेव्हा तिच्यात मोजकेच कायदे अनुवादित करायचे ठरले, आणि अनुवादक तयार करत करत तिला पूर्ण दर्जा १ जानेवारी २०२२ रोजी मिळाला. हीच वाट तुर्कीला का नसावी? अनुवादकांचा तुटवडा तर तुर्कीच्या बाबतीत आयरिशइतका कधीच भासणार नाही.

संघाने हे एका ठिकाणी केलेलेही आहे. सायप्रसचे ते खारट, तव्यावर भाजले तरी न वितळणारे चीज एप्रिल २०२१ मध्ये संघाच्या संरक्षित नावांच्या नोंदवहीत गेले ते ‘हल्लूमी’ आणि ‘हेल्लिम’ अशा दोन्ही नावांनी. त्यामुळे पलीकडच्या गवळ्याच्या मालालाही, अटी पूर्ण केल्यास, त्याच नावाने विकण्याची वाट कागदोपत्री खुली झाली. एका चीजसाठी दोन्ही बाजूंचे अधिकारी, पशुवैद्य आणि ब्रुसेल्सचे वकील वर्षानुवर्षे बसले. तेवढी चिकाटी राजपत्रासाठी दाखवली, तर काम कुठून सुरू करायचे हे शोधत बसावे लागणार नाही. एक तारीख ठरवून त्या दिवसापासूनचा प्रत्येक कायदा दोन्ही भाषांत एकाच अंकात छापावा, आणि मागचा साठा तुर्की नागरिकाला जे कायदे रोज नडतात त्यांपासून हाती घ्यावा. माझे विचाराल तर सर्वांत आधी १९९१ चा १३९ क्रमांकाचा कायदा घ्यावा. उत्तरेत गेलेल्या तुर्की सायप्रियटांच्या दक्षिणेत मागे राहिलेल्या घरांचा आणि शेतांचा ताबा गृहमंत्र्यांकडे विश्वस्त म्हणून देणारा हा कायदा आहे. त्याच्या नावातच ‘तुर्की सायप्रियट’ हे शब्द आहेत, आणि ते ग्रीकमध्ये छापलेले आहेत.